नंबर तोच राहील

टेलिफोन कंपनीचं पत्र आलं तेव्हा मी शाळेच्या कपाटाच्या कुलपात कुणीतरी कोंबलेला खडू सुईनं टोकरत होतो. पत्राची सुरुवात 'प्रिय ग्राहक' अशी होती. माझा अनुभव असा, की ज्या पत्रात पहिल्याच ओळीत आपल्याला प्रिय म्हटलेलं असतं ते उभ्यानं वाचू नये. मी स्टुलावर बसलो. तांब्याच्या तारांवरची जुनी फोनसेवा तीन महिन्यांनी कायमची बंद होणार होती. ग्राहकांनी आपापली पर्यायी व्यवस्था पाहावी असं कंपनीनं कळवलं होतं, आणि इतक्या वर्षांच्या सोबतीबद्दल मनापासून आभार मानले होते.

आमचं दुकान कुलुपं-किल्ल्यांचं. माझं आणि दादाचं. दुकान केवढं, तर एक माणूस किल्ली घासत असेल तर दुसऱ्यानं बाहेर उभं राहावं, एवढं. पण आमचा नंबर गावभर होता. पाटीवर होता, शिक्क्यावर होता, आणि आम्ही बनवलेल्या प्रत्येक किल्लीच्या डोक्यावर होता. दादा छोट्या पोलादी ठशांनी एकेक आकडा ठोकायचा. मी एकदा त्याला म्हणालो होतो, "दादा, माणसाची किल्ली घरात राहिली म्हणून तो आपल्याला फोन करणार, आणि नंबर किल्लीवर! मग त्याला तो दिसणार कसा?" दादा हातातलं काम न थांबवता म्हणाला, "अरे, शेजाऱ्याच्या किल्लीवर असतो की."

तो नंबर मी इथे लिहीत नाही. तो आता परक्याचा आहे, आणि तुम्ही उगाच लावून बघाल.

दादाला गेल्या वर्षी पक्षाघात झाला. पाय परत आला, उजवा हात अर्धामुर्धा आला, बोलणं गेलं. म्हणजे एक शब्द सोडून. दादाला 'बरं' म्हणता येतं. तेही लगेच नाही. ओठ हलतात, मान जरा पुढे येते, आणि पाच-सात सेकंदांनी 'बरं' बाहेर पडतं. आपल्या भाषेत हा शब्द किती कामाचा आहे हे त्याच्या आजारपणात मला कळलं. 'बरं?' म्हणजे पुढे काय झालं. 'बरं बरं' म्हणजे आता पुरे. 'बऽरं' म्हणजे तू सांगतोस ते खोटं आहे, पण असू दे. वहिनी म्हणतात त्यांना असे चौदा प्रकार ओळखू येतात. मला तीन. मी दर रविवारी जायचो आणि वहिनींना विचारायचो, "दादाची तब्येत कशी आहे?" दादा समोरच खुर्चीत बसलेला असायचा.

तर पत्र. मी ते घेऊन वरच्या मजल्यावरच्या साहेबांकडे गेलो. हे साहेब कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झाले, पण अर्ज लिहिण्यातून झाले नाहीत. म्हणून आम्ही त्यांना अर्जसाहेब म्हणतो. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "इंटरनेटवर जा."

"मी?"

"तुम्ही नव्हे. तुमचा फोन. हल्ली फोन इंटरनेटवरून चालतो. मात्र नंबर सोडू नका. नंबर म्हणजे धंद्याचं नाक."

दोन दिवसांनी नव्या कंपनीचा माणूस आला. त्याच्या टायवर बारीक बारीक फोनच छापलेले होते. त्यानं टेबलावर एक काळी डबी ठेवली. तिच्यावर चार हिरवे दिवे लुकलुकत होते. आपला जुना फोन या डबीत खुपसायचा, डबी इंटरनेटमध्ये खुपसायची, की झालं.

"आणि नंबर?" मी विचारलं.

"नंबर तोच राहील."

"नक्की?"

"साहेब, नंबर तोच राहील," असं म्हणून त्यानं छातीवर हात ठेवला. म्हणजे खरं तर टायवर ठेवला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पहिला अर्ज नवव्या दिवशी परत आला. जुना फोन दादाच्या नावावर आणि नवी जोडणी माझ्या नावावर, म्हणून नामंजूर. रास्त आहे, असं अर्जसाहेब म्हणाले. मी नवी जोडणी दादाच्या नावावर केली. दादानं अंगठा दिला, त्या कंपनीला तो चालला. दुसरा अर्ज परत आला तो पत्त्यासाठी. जुन्या नोंदीत आमचं दुकान 'तळमजला, जिन्याशेजारी' असं होतं आणि नव्या कागदावर 'दुकान क्रमांक दोन' असं. मी टेलिफोन कंपनीत जाऊन खिडकीतल्या माणसाला सांगितलं, की जिन्याशेजारचं दुकान हेच क्रमांक दोनचं दुकान आहे. तो म्हणाला, "हे तुम्ही म्हणता."

"मी त्यात बसतो हो."

"हेही तुम्हीच म्हणता."

यावर मला घरी परत येईपर्यंत चार चांगली उत्तरं सुचली. ती मी बायकोला ऐकवली.

अर्जसाहेबांनी 'दोन्ही दुकाने एकच असल्याबाबत' असा अर्ज लिहून दिला. तो इतका सुंदर होता, की दुकानं खरंच दोन असती तरी एक झाली असती. तरी तिसरा अर्ज परत आला. आता व्यवसायाची नोंद जुळत नव्हती. जुन्या कंपनीकडे 'कुलुपे', नव्या कंपनीकडे 'कुलूप व किल्ली सेवा'. सात आठवडे गेले होते. डबीचे चार हिरवे दिवे माझ्याकडे बघून लुकलुकत होते. टायवाल्याला फोन लावला की तो म्हणायचा, "प्रक्रियेत आहे, साहेब. जुन्या फोनला मात्र हात लावू नका." हे तो दर वेळी म्हणायचा, म्हणून मी ते ऐकणं सोडून दिलं होतं.

शेजारच्या दुकानात टेलरमास्तर आहेत. सल्ला देताना ते गळ्यातली टेप दोन्ही हातांनी ताणतात, त्यामुळे सल्ला मोजूनमापून दिल्यासारखा वाटतो. ते म्हणाले, "तुमचं चुकतंय कुठे सांगू? जुना चालू ठेवून नवा मागताय. अंगात एक शर्ट असताना त्यावर दुसरा कसा बसेल? आधी जुना उतरवा. नंबर मोकळा होईल. मोकळा झाला की हे लोक उचलतील."

मला ते पटलं. इतकं पटलं, की आपल्याला आधी सुचलं नाही याची लाज वाटली.

बायको म्हणाली, "अहो, त्या टायवाल्याला एकदा विचारा तरी."

आता, सात आठवड्यांत मी त्या माणसाला एकवीस वेळा फोन केला होता. बाविसाव्यांदा शंका विचारायची म्हणजे माणसाला काही मान आहे की नाही? मी विचारलं नाही. दुकानातल्या फोनवरून कंपनीला फोन लावला आणि सांगितलं, हा फोन बंद करायचाय. त्याच फोनवरून फोन आला असेल तर बंद करायला ते नाव, पत्ता, अंगठा, काही विचारत नाहीत. पलीकडच्या मुलीनं फक्त विचारलं, "नक्की ना?" मी म्हणालो, "नक्की." चार मिनिटांत काम झालं. सात आठवड्यांत त्या कंपनीतलं माझं एवढं एकच काम झालं. मी खूश होऊन रिसीव्हर कानाशी धरून ठेवला. आतला तो घूंऽऽ असा आवाज चालू होता; मग टक् झालं आणि तो थांबला.

टायवाला दुसऱ्या दिवशी धावत आला. त्याचा टाय खांद्यावर गेला होता.

"साहेब, काय केलंत? चालू नंबर नेता येतो. मेलेला नंबर कुठून नेऊ?"

मग कळलं, की बंद झालेला नंबर तीस दिवस बाजूला ठेवतात, आणि नंतर जो कोणी पुढचा येईल त्याला देऊन टाकतात. तीस दिवसांत मूळ मालकाला तो परत मागता येतो. मात्र मालकानं स्वतः फोनवर नाव, जन्मतारीख सांगायची आणि 'होय' म्हणायचं. त्याचं ध्वनिमुद्रण होतं. मूळ मालक म्हणजे दादा.

मी कंपनीच्या बाईंना सगळं खरं सांगून टाकलं. भावाला बोलता येत नाही, त्याच्या वतीनं मी बोललो तर चालेल का? त्या म्हणाल्या चालणार नाही, आणि नोंदीत लिहून घेतलं, 'ग्राहकाऐवजी भाऊ बोलण्याचा संभव आहे.' हे ऐकून अर्जसाहेबांनी कपाळावर हात मारला. "खरं कशाला सांगितलंत? तुम्हीच दादा म्हणून बोलला असता, कोणाला कळलं असतं?" मग त्यांनी 'ग्राहक आजारी असल्याने अधिकाऱ्याने घरी येऊन पाहणी करणेबाबत' असा तीन पानी अर्ज केला. मुखत्यारपत्राचाही प्रयत्न झाला. दादानं डाव्या हातानं, जीभ दातांत धरून सही केली. कंपनीनं ती बावीस वर्षांपूर्वीच्या सहीशी ताडून पाहिली आणि जुळत नाही म्हणून कळवलं.

या दिवसांतलीच गोष्ट. बालवाडीच्या बाई दुकानात आल्या. हातात मोडकं कुलूप होतं. त्यांच्याकडची एक पाच वर्षांची मुलगी न्हाणीघरात अडकली होती. दाराचं कुलूप आतून बसलं ते निघेना. बाईंनी आपल्या किल्लीवरचा आमचा नंबर फिरवला. या क्रमांकाचा फोन अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं. त्या घाईत चुकला असेल म्हणून पुन्हा फिरवला. पाऊण तास त्या फिरवत राहिल्या. शेवटी दोन बाप्यांनी पहारीनं दार फोडलं. मुलीला काही लागलं नाही. मात्र आता ती कुठलंच दार लावू देत नाही.

"तुम्ही दुकान बंद केलं असं वाटलं हो," बाई म्हणाल्या. रागावल्या असत्या तर मी काही बोललो असतो. त्या रागावल्या नाहीत. मी ते कुलूप दुरुस्त करून दिलं, आणि ते आता कुठल्याच दारावर बसणार नव्हतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मग आम्ही दादाला 'होय' शिकवायला बसलो. संमती विचारायला कंपनीचा फोन गुरुवारी येणार होता. रविवारपासून मी रोज दुपारी दुकान बंद करून त्याच्याकडे जायचो. "दादा, म्हण. हो. य." दादा माझ्या ओठांकडे बघायचा. मान पुढे यायची, कपाळावरची शीर फुगायची, आणि 'बरं' यायचं. आपलं चुकलं हे त्याला कळायचं. तो मान हलवायचा आणि बोटानं खूण करायचा, पुन्हा. बुधवारी संध्याकाळी त्याच्या तोंडून एकदा 'हो' आलं. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या, आणि त्यांना बघून त्याला ते पुन्हा म्हणायचं होतं, पण आलं नाही.

गुरुवारी मी पोचलो तर दादाची दाढी केलेली, भांग पाडलेला, अंगात इस्त्रीचा शर्ट.

"वहिनी, फोनवर शर्ट दिसत नाही," मी म्हणालो.

"त्यांना दिसतोय ना, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

बरोबर अकराला माझ्या मोबाइलवर फोन आला. मी तो मोठ्या आवाजावर करून दादासमोर धरला.

"हे संभाषण मुद्रित होत आहे. आपलं पूर्ण नाव सांगा."

दादाची मान पुढे आली. "बरं," दादा म्हणाला.

"आपलं नाव सांगा."

"बरं."

पलीकडचा आवाज जरा मऊ झाला. "ठीक आहे. नाव राहू द्या. हा क्रमांक परत घेण्यास आपली संमती आहे का? फक्त 'होय' म्हणा. घाई नाही."

दादानं डोळे मिटले. खुर्चीच्या हाताला धरलेली त्याची बोटं पांढरी झाली. मी आणि वहिनी, दोघंही नकळत ओठांचा चंबू करून बसलो होतो. कोणी खिडकीतून पाहिलं असतं तर हसत सुटलं असतं.

"ब," दादा म्हणाला. थांबला. पुन्हा जोर केला. "बरं."

"अहो, बरं म्हणजे होयच की!" माझ्यानं राहवलं नाही.

"मधे कोण बोलतंय? भाऊ का? नोंद आहे तशी इथे." मग त्या बाई हळूच म्हणाल्या, "मला कळतंय हो. पण यंत्र 'बरं' धरत नाही."

फोन बंद होण्याआधी एक निराळाच आवाज आला आणि आमची सेवा आपल्याला कशी वाटली ते एक ते पाच या आकड्यांत सांगा म्हणाला.

दादानं माझ्याकडे पाहिलं आणि बऱ्याच वेळानं पुन्हा 'बरं' म्हणाला. हा प्रकार माझ्या तिन्हीत बसत नव्हता. मी वहिनींना विचारलं, "काय म्हणतोय?"

वहिनी पदरानं त्याचं कपाळ पुसत होत्या. "माफी मागताहेत तुमची."

लाईन मी तोडली होती, माझ्या हातानं, चार मिनिटांत. दादाला वाटत होतं कंपनीनं तोडली. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी "असू दे रे दादा, होतं असं" म्हणालो, चहा प्यायलो आणि निघालो.

अर्जसाहेबांच्या अर्जाचं उत्तर चौतिसाव्या दिवशी आलं. घरी येऊन पाहणी करण्याची विनंती मंजूर झाली होती. मात्र सदर क्रमांक दरम्यान अन्य ग्राहकास देण्यात आल्यामुळे पाहणीची आवश्यकता उरली नव्हती. अर्जसाहेबांनी 'मंजूर' या शब्दाखाली रेघ मारली आणि तो कागद जपून ठेवा म्हणाले.

मी नवा नंबर घेतला. पाटी रंगवून घेतली. नवी कार्डं छापली. दादाला नवा नंबर वहिनींनी मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवून दिला. काळी डबी छान चालते. आवाज इतका स्वच्छ येतो, की गिऱ्हाईक किती वैतागलंय तेही स्पष्ट ऐकू येतं.

आठवड्याभरानं दुकानात फोन आला. बाईंचा आवाज होता आणि संतापलेला होता. "तुम्ही कुलुपवाले का? तुमच्या पाटीवर हा नवा नंबर पाहिला. तुमचा जुना नंबर माझ्या घरी आहे. दिवसाला सात माणसं मला फोन करून सांगतात की ती दाराबाहेर उभी आहेत. मी काय करू?"

बाई गावात नव्या होत्या, एकट्या राहत होत्या. घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासायचं त्यांचं काम. इंटरनेटच्या जोडणीबरोबर त्यांना हा नंबर न मागता मिळाला होता. ज्याच्यासाठी आम्ही सात आठवडे आणि एक अख्खा गुरुवार घालवला, तो त्यांना फुकट! मी आधी माफी मागितली आणि मग, जरा घोटाळत, नंबर सोडाल का असं विचारलं. त्यांनी कंपनीला विचारून पाहिलं. सोडला तर पुन्हा तीस दिवस, आणि मग जो पुढे येईल त्याला. अर्थ नव्हता. तेव्हा असं ठरलं, की कोणी बाहेर अडकल्याचा फोन आला की बाईंनी माझा नवा नंबर द्यायचा. मी त्यांच्या दारालाही चांगलं कुलूप बसवून दिलं. माझं कार्ड त्यांनी पाहिलं आणि 'किल्या' नव्हे 'किल्ल्या' असं लाल पेनानं दुरुस्त करून परत दिलं. पाचशे कार्डं होती.

दोन महिने असे गेले. एक दिवस कोणाचा तरी निरोप देऊन झाल्यावर बाई म्हणाल्या, "आणखी एक होतं. तुमचं एक गिऱ्हाईक रोज चार वाजता फोन करतं. बाहेर अडकलेलं वाटत नाही."

"काय म्हणतं?"

"आधी काहीच नाही. नुसता श्वास. पहिल्या दिवशी मी ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी म्हटलं बघू तरी, म्हणून धरून ठेवला. बऱ्याच वेळानं म्हणाले, 'बरं'. मी विचारलं कोण, तर 'बरं'. वयस्कर वाटतात. वाईट माणूस नाही."

माझ्या हातात कानस होती. ती मी खाली ठेवली.

चार वाजता वहिनी दूध आणि भाजी आणायला बाहेर पडतात. दादाच्या डाव्या हाताशी फोन असतो, तोही आता तशाच डबीवर चालणारा. चिकटवलेला नवा नंबर त्याला दिसतो, पण त्याची बोटं जुन्याच आकड्यांवरून फिरतात. हे सगळं मला त्या क्षणी दिसलं. आणि एक गोष्ट आठवली, ती मी अजून बायकोलाही सांगितलेली नाही. जुना फोन चालू होता तेव्हा दुकानातही चारच्या सुमाराला रोज एक फोन यायचा. मी उचलून "कुलुपवाले, बोला" म्हणायचो. पलीकडे कोणी बोलायचं नाही. मी दोन सेकंद थांबायचो आणि आपटून ठेवायचो. एक-दोनदा शिवीही दिली. जवळजवळ वर्षभर हे चाललं होतं. पाच-सात सेकंद लागतात त्याला.

"बाई," मी म्हणालो, "तो माझा भाऊ आहे."

त्या मग म्हणाल्या, "त्यांना थांबवू नका हं."

"तुम्हाला त्रास…"

"मला चारला कोणाचाच फोन येत नसतो."

"पण तुम्ही बोलता काय त्याच्याशी?"

"काही विशेष नाही. दिवसभरात काय वाचलं, कुणी काय चुका केल्या. ते ऐकतात. मधे मधे 'बरं?' म्हणतात. मग मी पुढचं सांगते."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तर पोट बिघडलंय म्हणालो. दुसऱ्या दिवशी साडेतीनला मी दुकान बंद केलं. टेलरमास्तरांनी टेप ताणून विचारलं, "इतक्या लवकर?" मी कुलूप घातलं आणि निघालो. आज दादाला सगळं सांगायचं असं ठरवलं होतं. लाईन कोणी तोडली ते, आणि चारच्या फोनचंही. वाटेत वाक्यं जुळवत गेलो. 'दादा, त्या कंपनीचा दोष नव्हता' अशी सुरुवात केली. मग ती बदलली. कंपनीचा थोडा होताच.

दार नुसतं लोटलेलं होतं. वहिनी बाहेर गेल्या होत्या. दादा खुर्चीत बसला होता, डाव्या हातात रिसीव्हर, मान थोडी कलती. पलीकडून बाईंचा आवाज बारीक बारीक येत होता. दादाच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं लक्ष होतं; दुकानात एखादं अवघड कुलूप कानाशी धरून आतला खटका ऐकायचा, तसं.

"दादा," मी म्हणालो, "मला तुझ्याशी बोलायचंय."

दादानं माझ्याकडे पाहिलं आणि उजवा हात, जो कोपरापर्यंतच वर येतो, तेवढा वर केला. थांब. कामाचं बोलणं चालू आहे.

मी पलंगाच्या कडेवर बसलो. अकरा मिनिटं बसलो. स्वतःच्या भावाला भेटण्यासाठी ताटकळत बसायची ही माझी पहिलीच वेळ, आणि खरं सांगायचं तर मला जरा अपमानही वाटला.

फोन ठेवून दादा माझ्याकडे वळला. मग मी सांगितलं. जुळवलेली वाक्यं आठवली नाहीत. जसं आलं तसं सांगितलं. टेलरमास्तरांचा शर्ट, चार मिनिटं, ती मुलगी 'नक्की ना?' म्हणाली ते. ते ऐकताना त्याचा चेहरा कसा होत होता ते मी बघितलं नाही, मी फरशीकडे बघत होतो. मग चार वाजताच्या फोनचं सांगितलं. मी काय शिवी दिली होती तेही सांगितलं. "मला माहीत नव्हतं रे, दादा. मी थांबायला हवं होतं."

मग एक आवाज आला, खोकल्यासारखा. मी मान वर केली. दादा हसत होता. चेहऱ्याची एकच बाजू हसत होती, दुसरीवरून पाणी वाहत होतं. खांदे गदागदा हलत होते. वर्षभरात मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं हसू थांबेल आणि मग तो रागावेल. पण त्यानं डावा हात लांब करून माझ्या टाळक्यात एक टपली मारली. लहानपणी मी कुलूप खोलायला जाऊन किल्ली आत मोडून ठेवली की मारायचा, तशी. मग माझाही बांध फुटला. हसत होतो का रडत होतो ते मला सांगता येणार नाही.

वहिनी भाजीची पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं. दादानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला गप्प केलं. त्याची मान पुढे आली होती, ओठ हलू लागले होते. त्याला स्वतःला सांगायचं होतं.

वहिनींनी पिशवी खाली ठेवली. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत थांबलो.